सदर इसम गावचा नाही

सात डिसेंबर १९६०, बुधवार. रक्कम साडेसातशे रुपये. जागा बडनेरा स्टेशनासमोरच्या चहाच्या दुकानातलं मागचं बाकडं. हजर तिघे: पैसे देणारा मी, पैसे घेणारा मुंबईचा माणूस आणि माझा थोरला भाऊ. साडेपाचशे माझे होते, अकोल्याच्या जिनिंगमधल्या नोकरीतून मागं टाकलेले. दोनशे दादानं दिले, नुकत्याच उतरवलेल्या संत्र्याचे. त्यानं ते टोपीच्या घडीतून काढले आणि त्या माणसाला न देता माझ्या हातात ठेवले.

"तुह्या हातानं दे," दादा म्हणाला. "नोकरी तुही हाये."

हे आधी लिहितो, कारण पुढं दादाबद्दल जे लिहायचं आहे ते वाचून कोणाला वाटेल की माणूस मुळातच वाईट होता. तसा नव्हता. ते दोनशे रुपये त्यानं कधी परत मागितले नाहीत, हेही इथंच नोंदवतो.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं. अकोल्याला एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होतो. गाडी आली की कापूस तोलायचा, आकडा लिहायचा, ओरडून सांगायचा. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. होळीनंतर काटा बंद, पगार बंद. मग मी अकोल्यातच बहिणीकडे राहायचो, नाहीतर मोर्शीकडच्या आमच्या गावी संत्र्याच्या बागेत हात लावायला जायचो. वडील त्याच वर्षी श्रावणात गेले होते. नऊ एकर जमीन, त्यातली अर्धी बाग, एक विहीर. वारस म्हणून आमची नावं चढायची बाकी होती. घाई कोणालाच नव्हती. भाऊ भाऊ होतो, खात होतो एका ताटात.

मुंबईच्या माणसानं सांगितलं ते असं. आखातात तेलाच्या कंपन्या निघाल्या आहेत. स्टोअरमध्ये तोलणारे, लिहिणारे लोक पाहिजेत. पगार महिना तीनशे. तिकडे आपलेच रुपये चालतात, फक्त नोटेचा रंग वेगळा. ही शेवटची गोष्ट खरी निघाली, बाकी एकही नाही. पासपोर्ट बोटीवर मिळेल म्हणाला. माझा शाळा सोडल्याचा दाखला त्यानं 'कामासाठी' म्हणून ठेवून घेतला. आम्ही दोघांनी मान हलवली. दोघांपैकी एकानंही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता.

बोट म्हणजे लाकडी लाँच निघाली, ती रात्री एका खाडीतून सुटली. माणसं चाळीसच्या वर, पाण्याची पिंपं तीन. गुजराती होते, मलबारी होते, दोन पंजाबी होते, मराठी बोलणारा मी एकटा. कोणाजवळच पासपोर्ट नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं प्रत्येकाला विचारून पाहिलं, तेव्हा ते कळलं. मग कोणी कोणाशी फारसं बोललं नाही. किनारा दिसायला लागला तसा नाखव्यानं लाँच उथळ पाण्यात आणली आणि उतरा म्हणाला. आम्ही गळ्यापर्यंत पाण्यात, बोचकी डोक्यावर, चालत निघालो. समोर वाळूवर बंदूकवाले शिपाई उभेच होते. ते आमच्या अंगावर धावून आले नाहीत. आम्ही बाहेर येईपर्यंत थांबले, एवढंच.

त्यांनी आम्हाला एका बेटावर नेऊन ठेवलं.

त्या बेटाचं नाव मी लिहीत नाही. नकाशात शोधून कोणाला काही मिळणार नाही. सपाट, खारट, पांढरं. झाड एकही नाही. पूर्वी बोटींवरच्या आजारी लोकांना वेगळं ठेवण्यासाठी बांधलेली एक दगडी इमारत होती. तिच्याभोवती खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्या, त्यांत आम्ही. कुंपण नव्हतं. लागतही नव्हतं. पाणी पडावातून, म्हणजे लहान मालवाहू होडीतून यायचं, पिंपातून वाटलं जायचं, आणि चहात घातलं तरी खारं लागायचं. भात, खजूर, सुकी मासळी. मासळीचा वास मला पहिले पंधरा दिवस सोसला नाही, नंतर मी ती मागून खाल्ली.

आम्हाला कोणी मारलं नाही. शिव्याही फारशा दिल्या नाहीत. वर एक गोरा साहेब होता, त्याच्या हाताखाली मलबारचा एक कारकून. हिंदी तो अडखळत बोलायचा, पण माणसाशी माणसासारखं बोलायचा. पहिल्याच दिवशी त्यानं आमची नावं लिहिली आणि समजावून सांगितलं की तुम्हाला शिक्षा झालेली नाही. तुम्ही कोण आहात याची खात्री तुमच्या गावाकडून येईल, आली की जहाजावर बसवून घरी पाठवू. गाव सांगा, जिल्हा सांगा, बापाचं नाव सांगा.

आम्ही खूश झालो. शिक्षा नाही म्हणजे सुटलोच. शिक्षेला निदान शेवटची तारीख असते, इथं ती नव्हती, हे डोक्यात शिरायला मला उन्हाळा लागला.

गाव सांगताना मी छाती फुगवून सांगितलं असेल. मोर्शी तालुका, अमरावती जिल्हा, घरची संत्र्याची बाग. ते ऐकून पंजाब्यांपैकी एकानं माझं नाव 'संतरेवाला' पाडलं. काट्यावरचा कारकून म्हणवून घेण्यापेक्षा मला ते आवडलं. संध्याकाळी वाळूवर बसून मी त्यांना सांगायचो की संत्रं तोडत नाहीत, देठ ठेवून कापतात. बहार धरायचा तर आधी झाडाला पाणी तोडून ताण द्यावा लागतो, पानं मलूल झाली पाहिजेत, मग पाणी सोडलं की फुलं लागतात. त्यांना पटायचं नाही. "प्यासा मारते हो, फिर फल माँगते हो?" म्हणायचे. मी म्हणायचो, हो, तसंच असतं.

काटा माझ्या हातचा म्हणून कारकुनानं मला स्वयंपाकाचे तांदूळ तोलायला बसवलं. त्यामुळे कोणाच्या गावाचं उत्तर आलं ते मला आधी कळायचं, कारण त्याचे तांदूळ कमी करायचे असत. पावसाळ्याच्या आधी गुजरात्यांची उत्तरं आली. ते गेले. मग मलबाऱ्यांची. पंजाब्यांतल्या एकाचं आलं, दुसऱ्याचं गाव फाळणीत पलीकडे गेलं होतं, तो राहिला. आणि मी राहिलो.

माझं उत्तर आलं त्या दिवशी कारकुनानं मला बसायला सांगितलं. यापूर्वी त्यानं कोणाला बसायला सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"भाई," तो म्हणाला, "तेरे गाँव ने लिखा है, ऐसा आदमी हमारे यहाँ नहीं।"

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, गावाच्या नावात घोटाळा झाला. आमच्या नावाचं दुसरं एक गाव चांदूर रेल्वेकडे आहे, कागद तिकडे गेला असणार. साहेबानंही मान डोलावली. मग मी बसून सगळं नीट सांगितलं आणि कारकुनानं लिहून घेतलं. नदी कोणत्या बाजूला, मारुतीच्या देवळापासून आमचं घर कितवं, बाग कोणत्या शिवारात, विहिरीवर मोट जाऊन इंजिन कधी आलं. थोरल्या भावाचं पूर्ण नाव. मी म्हटलं, त्याला विचारा. दुसऱ्या कोणाला विचारूच नका, त्यालाच विचारा.

दादाला मी आधी एक पत्रही टाकलं होतं. त्याचं उत्तर आलेलं नव्हतं, पण पत्र पोचलं नसेल असं मी धरून चाललो. त्या उन्हाळ्यात मी दादाच्या वतीनं इतकी कारणं शोधली की तेवढी त्यानं स्वतःसाठीही शोधली नसतील. टपाल चुकलं असेल. आजारी असेल. बहाराचे दिवस आहेत, वेळ नसेल.

दुसरं उत्तर आलं. या वेळी कारकुनानं मला कागद दाखवला, पण तो इंग्रजीत होता, म्हणून वाचून सांगितलं. गाव बरोबर आहे. देऊळ आहे, विहीर आहे, बाग आहे. भाऊ म्हणून ज्याचं नाव दिलं तोही आहे. त्याचा जबाब घेतला. तो म्हणतो, वडिलांना मी एकटा. मला धाकटा भाऊ नाही. पोलीस पाटील आणि गावचे पंच यांचंही तेच म्हणणं. सदर इसम गावचा नाही.

मी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं पुन्हा वाचलं.

साहेबाचा प्रश्न सरळ होता. हिंदुस्थान म्हणतो आमचा नाही, मग तू पाकिस्तानचा का? मी म्हटलं, साहेब, मी वऱ्हाडातला आहे. त्याला वऱ्हाड म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. त्या रात्री राहिलेला पंजाबी माझ्याजवळ येऊन बसला. तो हसत होता, पण वाईट हसू नव्हतं. त्याचं तर गावच गेलं होतं.

"संतरेवाले," तो म्हणाला, "बाग तेरे भाई का है, और भाई तेरा है नहीं। अब संतरा किसका?"

मी त्याला मारायला उठलो होतो. त्यानं हात धरून मला खाली बसवलं आणि विडी दिली.

यानंतर मी गावाचं नाव टाकलं आणि अकोल्याच्या बहिणीचा पत्ता दिला. हे पहिल्या दिवशीच का केलं नाही असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. कारण साधं होतं. आमच्याकडे माणसाला गाव विचारलं तर तो बापाचं गाव सांगतो, बहिणीचं घर सांगत नाही. लग्न झालेल्या बहिणीची साक्ष काढायची वेळ यावी हेच मला लाजेचं वाटत होतं.

बहिणीकडे कागद नेऊन देणारा शिपाई तिला म्हणाला की बाई, असा माणूस नसल्याचं गाव सांगून राहिलं. तिनं त्याला दारातच उभं केलं आणि आतून डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. "गाव सांगते? गावानं नऊ मयने पोटात वागवलं त्याले? चाला, कुठी अंगठा द्याचा ते दाखवा मले." तेल गिरणीतून नवरा घरी यायच्या आत ती अकोल्याच्या पोलीस कचेरीत पोचलीही होती. बरोबर तिनं शेजारच्या दोन बायका नेल्या. त्यातल्या एकीचा जबाब मला पुढं तिथल्या जमादारानं सांगितला: हा माणूस चार हंगाम रोज माझ्या दाराला सायकल टेकवायचा आणि रोज मी त्याले शिव्या द्यायची, मी नाही ओळखणार तर कोण ओळखील?

या जबाबावर मी सुटलो. १९६२ च्या होळीच्या सुमारास जहाजाच्या डेकवरून मुंबईला आणि तिथून पोलिसाबरोबर अकोल्याला आलो. स्टेशनावर बहीण आली होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलली: "काय रे, मासे खाऊन आला ना? वास येते."

मग रडली.

पण सुटलो ते कच्चं. अकोल्याच्या बायकांनी मी अकोल्यात राहत होतो एवढंच सिद्ध केलं होतं. बाप कोण, जन्म कुठला, याबाबत दप्तरात गावाचाच जबाब उभा होता, आणि तो नाही असा होता. दर सोमवारी पोलीस कचेरीत हजेरी लावायची, परगावी जाताना सांगून जायचं. जिनिंगच्या मॅनेजरनं चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, कागद साफ करून आणा, काटा तुमचाच आहे, पण परदेशी म्हणून लाल शेरा असलेला माणूस मला मालकाला दाखवता येणार नाही. हजेरी घेणारा जमादार समजूतदार होता. त्यानं मला वाट सांगितली. "भाऊ, तुमच्या बापाच्या बाजूचा एक जण आना. सख्खा भाऊ असंन तर त्याले आना. त्यानं तहसीलदारासमोर येक वाक्य बोललं का फाईल बंद. नाई बोलला, तर तुमी आनि मी दोघंबी म्हातारे होऊ या टेबलापाशी."

एक वाक्य पाहिजे होतं. ते आणायला मी गावी निघालो.

बसनं अमरावती, अमरावतीहून मोर्शीची गाडी, पुढं पायी. रस्त्यात ओळखीची माणसं भेटली. कोणी मला ओळखलं नाही असं झालं नाही. उलट सगळ्यांनी ओळखलं. "काहो, कवा आले? वाळले लय!" पोलीस पाटील पारावर बसले होते, त्यांनी तर हाक मारून चहा विचारला. मी उभाच राहिलो.

"पाटील," मी म्हटलं, "तुमी लिहून देल्लं का असा मानूस गावात नाई."

ते अवघडले नाहीत. सुपारी कातरत म्हणाले, "बापू, राग धरू नको. वारस कोन ते चावडीवर पाच मानसाइच्या समोर ठरलं होतं. वैशाखात. पुढं मोर्शीचा जमादार आला पावसाळ्यात. वैशाखात येक बोलाचं अन् आखाडात दुसरं, असं गावानं केलं तर गावाची काय किंमत राह्यते?"

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला तिथंच कळलं, आणि चहा न घेता मी बागेकडे निघालो.

दादा बागेत होता. मृग बहाराचं संत्रं उतरवून झालं होतं, तो झाडांभोवतीची आळी साफ करत होता. मला पाहून फावडं टाकून धावत आला आणि मला मिठी मारली. ती मिठी खरी होती. मी हात खालीच ठेवले.

"दादा, काहून?"

तो बांधावर बसला. मीही बसलो. त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण त्याची बाजू कमी करून मांडायची माझी इच्छा नाही.

"तू गेला, मंग काहीच खबर नाई. विहिरीनं तळ दाखवला. झाडं वाळून राहिली होती. सरकारी कर्जाचा अर्ज केला खोल कराले, तर पटवारी म्हने वारसाची नावं लावा, दोघाइच्या सह्या पायजे. तू कुठी? समिंद्रात का समिंद्राच्या खाली, कोनाले माईत? गावानं म्हनलं, आता एकट्याचंच लाव. आला का पोरगं पुन्हा चढवून घेऊ. आपल्याकडी असंच करतेत ना बाप्पा. मामाचंबी तसंच केलं होतं, तो फौजेत होता तवा."

"तसं करतेत," मी म्हटलं. ते खरं होतं. गावोगावी तसंच चालायचं. गैरहजर माणसाचं नाव बाजूला ठेवायचं, परत आला की लावायचं. त्यात कोणाला पाप वाटत नसे. मी घरी असतो तर मीही दुसऱ्या कोणासाठी मान डोलावली असती. "पन मंग जमादार आला तवा?"

"तवा कर्ज उचललं होतं. विहीर खोल झालती. येकटाच वारस म्हनून अंगठा देल्लेला. आता हाये म्हनलं असतं तर सरकारले फसोलं म्हनून मलेच बेड्या. पोरंबाळं हायेत मले."

"माहं पत्र आलतं?"

त्यानं बांधावरचं एक ढेकूळ उचलून हातात फोडलं. मग म्हणाला, "आलतं."

"जमादाराच्या आधी?"

"आठ-धा रोज आधी." आणि मग, जणू आपण मला काही चांगलं सांगतो आहोत अशा आवाजात: "मले वाटलं, सरकार कोनाले जन्मभर ठेवून घेते काय? खायाले घालते, सोडते कवा ना कवा. तू हुशार, सुटशीनच. माहं इथचं निस्तरलं नसतं."

पंजाब्यानं वाळूवर जे विचारलं होतं ते मला आठवलं. मी दादाला ते सांगितलं नाही.

घरी गेलो. माय चुलीपुढं होती. तिनं भाकर टाकली, ताट केलं, ठेचा वाढला, लोणी वाढलं. ती माझ्याकडे पाहत होती पण डोळ्याला डोळा देत नव्हती. मी घास मोडला आणि विचारलं.

"माय, जमादार आला तवा तू कुठी होती?"

"इथीच. घरात."

"ऐकू आलं?"

"ओसरीवरच बसलते ना सारे."

"मंग?"

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. "मले इचारलं नाई त्यानं," ती म्हणाली.

विचारलं असतं तर काय म्हणाली असती, हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. मी तो विचारला नाही. तिचं जे उत्तर आलं असतं ते ऐकून मला उरलेलं आयुष्य काढावं लागलं असतं, आणि दोन्ही उत्तरं मला नको होती. भाकर मात्र पूर्ण खाल्ली. मायच्या हातची इतक्या दिवसांनी मिळाली होती.

अंगणात दादाला मी स्पष्ट सांगितलं. मी बाग मागायला आलो नाही. तहसिलीत चल आणि एक वाक्य बोल. कर्ज फिटेपर्यंत जमिनीचं नाव काढणार नाही. तो म्हणाला, येतो. सोमवार ठरला, मोर्शीची तहसील. मी अकोल्याच्या जमादाराला विचारून त्या सोमवारची हजेरी माफ करून घेतली आणि सकाळपासून मोर्शीच्या कचेरीच्या पायरीवर बसलो. लोक आले, गेले, कचेरी बंद झाली. दादा आला नाही.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच अकोल्याला बहिणीच्या घरी आला. एकटा नव्हता, बरोबर पटवारी होते. बहिणीनं चहा ठेवला, पण समोर आणून ठेवताना कपबशी जरा जोरात आपटली. बोलले पटवारीच. वाक्य बोलायला दादा तयार आहे. चुकीनं एक वारस लावायचा राहून गेला असं दुरुस्त करून घेऊ, कर्जाचाही बाऊ होणार नाही. पण एकदा नाव चढलं की अर्धी जमीन माझी. उद्या माझं लग्न, परवा मुलं, मग वाटणी. दादानं विहिरीत पैसा आणि घाम घातलेला. तेव्हा त्याच दिवशी मी हक्कसोड लिहून द्यावी. म्हणजे दोघांचंही काम होतं.

मी दादाकडे पाहिलं. तो कपबशीत पाहत होता.

"हे तुहं हाये का पटवाऱ्याचं?" मी विचारलं.

"घरात बोललो आमी," दादा म्हणाला.

घरात, म्हणजे माय पण. मी ते विचारलं नाही.

मी बेटावर असताना दादा जमादाराला जे बोलला त्याला निदान भीती हे कारण होतं. भीतीनं माणूस काहीही बोलतो, तेवढं मी समजू शकतो, अजूनही समजतो. पण हा हिशेब होता. मी हिशेबाचा माणूस आहे, मला तो लगेच वाचता आला. मला वाक्याची किती गरज आहे ते त्यांनी आधी तोलून पाहिलं होतं. सोमवारी मला पायरीवर बसवून ठेवलं ते त्यासाठीच.

बहीण एवढा वेळ दारात उभी होती. दादाला ती एकच गोष्ट म्हणाली, आणि ओरडून नाही. "त्याले नाई म्हनाले तरी तुले तोंड उघडा लागलं. मले तर त्या चावडीवर नाई म्हनाचीबी गरज नोयती कोनाले." मुलीचाही हक्क असतो असा कायदा तोवर झाला होता, पण आमच्या शिवारात तो कोणी पाहिला नव्हता. पटवारी म्हणाले, "बाई, तुमचा इथं काय संबंध?" ती म्हणाली, "तेच तर म्हनून राहिली ना मी," आणि आत गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही मोर्शीला जमलो. दादा, पोलीस पाटील, पटवारी आणि मी. कचेरीबाहेर चिंचेखाली एक वाद झाला. दादा म्हणाला आधी सही कर. मी म्हटलं आधी बोल. पाटील म्हणाले, भावाभावात इतका अविश्वास बरा नाई. त्यावर मला हसू आलं आणि ते थांबेना. शेवटी पटवाऱ्यांनी मार्ग काढला. "तुमी भांडून काहून राहिले? ज्याचं नाव नाई त्याले हक्क सोडताच येत नाई. पयले नाव चढते, मंगच सुटते. आधी बोलाच लागते."

म्हणून आधी तो बोलला. तहसीलदारांनी विचारलं, हा कोण? दादानं टोपी काढली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हा माहा सख्खा लहाना भाऊ. येका मायबापाचा." आवाज जराही अडखळला नाही. पोलीस पाटील म्हणाले, रांगत होता तेव्हापासून ओळखतो. लिहून झालं, सह्या झाल्या. नंतर शेजारच्या खोलीत मी सही केली. नाव चढून उतरायला अर्धा दिवसही लागला नाही.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "घरी चाल. मायनं पुरन घातलं हाये."

मी म्हटलं माझी गाडी आहे. गाडीला अजून दोन तास होते, हे त्यालाही ठाऊक होतं.

अकोल्याची फाईल बंद झाली. पावसाळा संपल्यावर काटा मला परत मिळाला, पुढं लग्न झालं, घर झालं. गावी मी मायच्या मातीला गेलो, त्याशिवाय गेलो नाही. जे शेवटी द्यावं लागलं ते असं: जहाजाचं भाडं आणि बरोबरच्या पोलिसाचा खर्च मिळून एकशे शहाऐंशी रुपये, अकोल्याच्या सरकारी खजिन्यात, तीन हप्त्यांत. आणि साडेचार एकर जमीन, तिच्यावरची संत्र्याची एकशे दहा झाडं, विहिरीतला निम्मा हक्क, थोरल्या भावाला, एका वाक्याबद्दल.